बोट पिळलं की आकडा फुगतो

प्रश्न : बाबांसाठी घरच्या घरी रक्त काढायचं किट मागवलं होतं, बोटाला टोचून छोट्या ट्यूबमध्ये थेंब थेंब जमवायचं आणि पाठवून द्यायचं. रक्त येतच नव्हतं म्हणून बोट दाबून दाबून कशीबशी ट्यूब भरली. रिपोर्ट आला तर पोटॅशियम ६.१! धावत लॅबमध्ये गेलो, शिरेतून दिलं, तर ४.३. त्याच सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर साखर १३१ आणि लॅबमध्ये ११८. मग घरचं सगळं फेकूनच द्यायचं का?

उत्तर : फेकू नका हो, पण दोन्ही आकड्यांना एकाच मापाने मोजू नका. पोटॅशियमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, "दाबून दाबून". लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या वीसपटीहून जास्त असतं, बोट पिळलं की पेशी फुटतात आणि आतला माल बाहेर सांडतो. लॅबमध्ये काम करताना आम्ही ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवायचो, पेशी खाली बसल्या की वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं, ते गुलाबी-लाल दिसलं की पेशी फुटल्यात हे कळायचं आणि आम्ही कपाळाला हात लावायचो. तरी लगेच लॅबमध्ये गेलात ते उत्तम केलंत, कारण ६.१ कधीकधी खरंही असतं आणि तेव्हा हृदयाला धोका असतो.

साखरेचं वेगळं. मीटरसाठीचा आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) नियम असा की साखर १०० किंवा वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं (१०० च्या खाली १५ अंक), आणि तेही शंभरातली ९५ रीडिंग बसली तरी पास. ११८ चे १५ टक्के म्हणजे साधारण १८, तुमचा फरक १३ चा, म्हणजे मीटर हद्दीतच आहे. आणि गंमत म्हणजे लॅबचा ११८ सुद्धा देवाचा शब्द नाही, रक्तातल्या पेशी वेगळ्या न करता ते तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. तुलना करायची तर उपाशीपोटीच करा, जेवणानंतर बोटातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच येते, आणि दोन्ही सॅम्पल काही मिनिटांच्या आत घ्या, एका जोडीवर निकाल लावू नका.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, मात्र बोटातून बिनधास्त. ती साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनची टक्केवारी आहे, थेंबात थोडं ऊतींमधलं पाणी मिसळलं तरी गुणोत्तर तेच राहतं.

किटच्या जाहिरातीत "लॅबशी ९८ टक्के मॅच" लिहिलं असेल तर विचारा, मॅच म्हणजे नेमकं काय? बहुतेकदा ते कोरिलेशन असतं, म्हणजे दोन्हीकडचे आकडे सोबत वर-खाली होतात का एवढंच, आणि मशीन दर वेळी २० जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन छान शंभर टक्के येऊ शकतं. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे सांगितलंय, की जोडीजोडीतला फरक बघा, सरासरी किती आणि पसरलाय किती. तोच आकडा कंपनीकडे मागा.

पुढच्या वेळी बाबांचा हात कोमट पाण्याने साबण लावून धुवा, नीट कोरडा करा (फळ सोललेल्या बोटाने साखर भलतीच येते), हात खाली लोंबकळू द्या, बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसा. तरी आलं नाही तर दुसरं बोट टोचा, पिळू नका.