डोंगरावर रात्रभर बसून पोट भरतं का?

नमस्कार,

तुम्ही लिहिता : 'कोल्हापुरात उद्यमनगरला आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. म्हणते, वैश्विक किरणांच्या संशोधनात जायचंय. डोंगरावर रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून पोट भरतं का? मी म्हणतो, बी.एड. कर.'

आधी तो डोळा दुर्बिणीवरून काढू. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून प्रचंड ऊर्जा घेऊन येणारे कण, बहुतेक प्रोटॉन. ते वर हवेतच आपटतात आणि खाली येते ती त्यातून निघालेल्या असंख्य कणांची सर. ही सर पकडायला टीआयएफआरनं, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं, उटीला, 2200 मीटर उंचीवर, ग्रेप्स-3 हा प्रयोग मांडलाय. सुमारे 25,000 चौरस मीटर जागेत आठ-आठ मीटरवर चारशेच्या आसपास डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारी उपकरणं आहेत. कुठल्या डिटेक्टरला कण किती नॅनोसेकंद आधी लागला, यावरून मूळ कणाची दिशा काढतात. हे काम रात्रंदिवस चालतं. म्युऑन, म्हणजे या सरीतले जाड थर भेदून जाणारे कण, मोजायला काँक्रीटखाली सहा-सहा मीटरच्या 3,712 पोलादी नळ्या रचल्यात, आणि त्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या जुन्या प्रयोगाच्या नळ्या पुन्हा वापरल्या. तुम्हाला हे आवडेल! याच नळ्यांच्या मोजणीवरून 1 डिसेंबर 2014च्या एका वादळी ढगातला विद्युतदाब 130 कोटी व्होल्टच्या घरात असल्याचं कळलं.

रात्रीचं म्हणाल तर ते लडाखमध्ये, हानलेला. अवकाशातून गॅमा किरणही येतात, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा प्रकाश. त्यांच्या सरीतून हवेत काही नॅनोसेकंदांचा निळसर प्रकाश चमकतो, तो टिपायला काळोख लागतो. तिथली 21 मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण आपल्या ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची. तिलाही कुणी डोळा लावत नाही, कॅमेरा असतो.

आता पोटाचं. एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा, पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, नेट किंवा टीआयएफआरची स्वतःची परीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. नेट-जेआरएफची शिष्यवृत्ती 2023पासून महिना 37,000 रुपये आहे, त्यामुळे घरून पैसे लागू नयेत. खरी अडचण त्यानंतरची : कायमच्या जागा मोजक्या. हे लपवून सल्ला देणं मला जमत नाही. पण या वाटेवर इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग आणि ढीगभर आकड्यांतून अर्थ काढणं हाताखालून जातं, आणि त्याला बाहेर मागणी आहे. बी.एड. पदवीनंतरही करता येतं, ते आत्ताच ठरवायची घाई नको.

माझी शंका वेगळीच आहे. तिला आकाशाचे फोटो आवडतात, की मोजणी चुकली तर वायर-वायर तपासत बसणं आवडतं? या क्षेत्रात दुसरंच जास्त करावं लागतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी असतो, त्याची चौकशी तिनं स्वतः करावी. तोवर कॉलेजच्या प्रयोगशाळेतले दोन गायगर काउंटर, म्हणजे कण लागला की वाजणारी यंत्रं, मागून घ्यावेत. त्यांच्या नळ्या एकावर एक ठेवून दोन्ही एकाच क्षणी वाजले तेवढेच मोजायचे, ते बहुतेक म्युऑन. मग जोडी तिरकी करून पुन्हा मोजायचं, आकडा घटतो का बघायचं.

नळ्या हव्या त्या कोनात धरणारं स्टँड मात्र बाजारात शोधू नका. ते तुमच्याच लेथवर होईल, आणि ते तिला करू द्या.