तो हसला, मला हसू येईना

प्रिय डोंबिवलीकर,

तुझं पत्र मिळालं. होणाऱ्या सासरी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर ‘छोटी सी बात’ पाहिला. बस स्टॉपपासून अरुण प्रभाच्या मागे-मागे जातो, तिथे अख्खी खोली हसत होती आणि तुझ्या पोटात गोळा आला. कारण कॉलेजात असताना एक माणूस रोज स्टेशनपासून तुझ्या मागे यायचा. ‘मला नाही आवडलं हे,’ तू म्हणालीस. त्यावर तुझा होणारा नवरा हसून, ‘पिक्चर आहे गं, किती विचार करशील!’ आता हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरायचा की नाही, इथवर गाडी आली आहे.

1976 चा हा बासू चटर्जींचा सिनेमा मला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकते. तिथे हसू येतं त्यालाही कारण आहे. तो मागे येतोय हे प्रभाला ठाऊक असतं, ती गालातल्या गालात हसते आणि ते आपल्याला दिसतं. शिवाय अमोल पालेकरांचा अरुण तोंड उघडायलाच घाबरतो, म्हणून बिचारा वाटतो. तुझ्या मागच्या माणसाच्या मनात काय आहे, हे तुला कोण दाखवणार होतं? असा पाठलाग कायद्याने वेगळा गुन्हा ठरला तोच मुळी 2013 साली. त्याआधी कितीजणींनी नुसता रस्ता बदलला असेल! तेव्हा ‘फार विचार करणारी’ वगैरे तू मुळीच नाहीस.

पण तो हसला म्हणून लगेच त्याला नापास करू नकोस. मला खटकलं ते वेगळंच. ‘का गं, का नाही आवडलं?’ एवढं त्याने विचारलं नाही. अर्थात त्याचे आईबाबा शेजारी बसलेले, त्यामुळे तूही कारण सांगितलं नाहीस.

या रविवारी दोघंच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा. तो माणूस पुढे निघून जावा म्हणून मेडिकलच्या दुकानात उगाच खोकल्याच्या गोळ्या मागत उभी राहायचीस, तेसुद्धा सांग. त्याने नीट ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले, तर खुशाल अ‍ॅडव्हान्स भर. ‘जुनी मढी कशाला उकरतेस’ म्हणाला, तर हॉलवाल्याला थांबव आणि घरी आईशी बोल.

आणि हो, त्या सीनला सासूबाई उठून चहा टाकायला गेल्या, असं तू सहज लिहून गेलीस. त्या ठाण्याहून व्हीटीला नोकरीला जायच्या ना? त्यांच्याशीही एकदा निवांत बोल. पोरापेक्षा त्यांना लवकर कळेल, असा माझा अंदाज आहे.

तुझी,
ताई