खिडकीपाशी काढूनही कृष्णधवल सेल्फ-पोर्ट्रेट सपाट का येतं?
तुम्ही पणजीतल्या फ्लॅटमध्ये फोटो काढता नि भिंती पांढऱ्या आहेत म्हणालात, तिथेच घोळ आहे. भिंत उजेड परत फेकते नि सावली भरून काढते. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर काळी चादर टांगा, ती उजेड शोषून घेते. बसायच्या जागी, चेहऱ्याऐवजी, छत्री उभी करून तिच्यावर मॅन्युअल फोकस (हाताने जुळवलेला) लावा, मग १० सेकंदांचा टायमर लावून तिथे बसा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/४ पेक्षा उघडं नको, म्हणजे आकडा ४ पेक्षा लहान नको. नाहीतर मान जराशी हलली तरी डोळे सॉफ्ट (धूसर) होतात.

घामाची चकाकी आधीच रुमालाने टिपा, कारण जळलेला हायलाइट (पार पांढरा पडलेला उजळ भाग) एडिटिंगमध्ये परत येत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत हे सोसावंच लागतं.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), रंगीतच काढा. एडिटिंगमध्ये कृष्णधवल करताना नारिंगी रंगाचा स्लायडर थोडा वर न्या, त्वचा उजळते. लाल फार वाढवलात तर ओठच गायब! चेहऱ्यावर क्लॅरिटी (बारीक तपशील ठळक करणारा स्लायडर) नकोच.