नागीण सुकल्यावर पाय जड झाला, लघवी अडकली: हा अशक्तपणा असू शकतो का?

वडील ६२ वर्षांचे, संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू, छातीवर उजवीकडे नागीण, आणि खपल्या धरल्यावर दहाव्या दिवशी उजवा पाय ओढत चालणं, सकाळपासून लघवी नाही, असं तुम्ही लिहिलंय. याला अशक्तपणा समजू नका. आजच, न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय दोन्ही असलेल्या रुग्णालयात न्या.

कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या नसांच्या गाठींत वर्षानुवर्षं दडून असतो. जागा झाला की तो नसेवरून कातडीकडे येतो, तीच नागीण. क्वचित तो आत मज्जारज्जूकडे (मणक्यातून जाणाऱ्या नसांच्या मुख्य दोराकडे) सरकतो आणि तिथे सूज येते, बहुधा पुरळानंतर एक-दोन आठवड्यांत. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना धोका जास्त.

नागिणीनंतरची नेहमीची कळ पुरळाच्या त्याच पट्ट्यात जळजळते, पायाची ताकद शाबूत राहते. मज्जारज्जू सुजला की पट्ट्याच्या खालचं अंग बधिर होतं, पाय लटपटतो (आधी बहुधा त्याच बाजूचा), लघवी-शौच अडतं. एक चकवा मात्र आहे: कळेसाठी दिलेल्या अ‍ॅमिट्रिप्टिलीननेही लघवी अडकते, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पण त्या गोळीने एकच पाय लुळा पडत नाही.

रुग्णालयात आधी कॅथेटर (लघवी काढणारी नळी) घालतील. मग कॉन्ट्रास्टसह (शिरेतून रंगद्रव्य देऊन) मणक्याचा एमआरआय होईल. तो सुरुवातीला स्वच्छही दिसू शकतो, तेवढ्यावर घरी परतू नका. पाठीतलं पाणी काढून त्यात विषाणूची पीसीआर (त्याचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी, दोन्ही तपासायला सांगा. दिवस उलटले की पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते.

दाट संशय असला तर रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतात: वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, दर ८ तासांनी, साधारण १४ दिवस. प्रत्येक डोस तासभर सावकाश द्यायचा आणि अंगात पाणी पुरेसं ठेवायचं, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. जोडीला बहुधा मोठ्या डोसचं स्टिरॉइड काही दिवस देतात. त्याचा पुरावा तोकडा आहे, तरी सूज उतरवायला ते वापरलं जातं. संधिवाताच्या गोळ्या मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.

गेरू लावण्यात आणि वेढा पुरा होण्याच्या भीतीत पुरळ उठल्यानंतरचे पहिले ७२ तास गेले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. नागिणीच्या विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग त्या ७२ तासांत असतो.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावू नका. चटका बसलेला त्यांना कळणार नाही.