वाचकांचे प्रश्न : इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि त्यापुढे

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील महाविद्यालयात इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. मला कथालेखनाची आवड आहे. मराठीत लिहिते, इंग्रजीतही लिहून पाहते. एम.ए. इंग्रजी केल्यास लेखनाला दिशा मिळेल, असे मला वाटते. घरच्यांचे म्हणणे असे की, एम.ए. करायचेच असेल तर ते नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांसाठी करावे. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या पत्रात लेखन करणे, साहित्याचा अभ्यास करणे आणि प्राध्यापकाची नोकरी मिळवणे अशा तीन वेगवेगळ्या इच्छा एकत्र आल्या आहेत. आपल्या विद्यापीठांतील एम.ए. इंग्रजी हा अभ्यासक्रम प्रामुख्याने दुसऱ्या इच्छेसाठी आखलेला आहे. त्यात कालखंडांनुसार काव्य, नाटक आणि कादंबरी, जोडीला समीक्षा, भाषाविज्ञान आणि संशोधनपद्धती शिकवली जाते. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पही असतो. तुमची कथा कोणी ओळीओळीने तपासून देईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे, गौरी देशपांडे, विलास सारंग हे सारे इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे खरे. पण पदवीने त्यांना लेखक केले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दुसऱ्या भाषेतील साहित्य बारकाईने वाचण्याची सवय त्यांच्या लेखनाच्या कामी आली, एवढे म्हणता येते आणि तेही थोडके नाही.

ही सवय गाइड वाचून लागत नाही. कादंबरीचे पहिले प्रकरण हाती घ्या आणि निवेदक कोण आहे, त्याला काय ठाऊक आहे, तो वाचकापासून काय लपवतो आणि किती वेळ, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे पानाच्या समासात लिहा. कथा लिहिणाऱ्याला रोज हेच प्रश्न सोडवावे लागतात. परीक्षेत मात्र या वाचनाची कसोटी क्वचितच लागते, हे आमच्या विषयाचे जुने दुखणे आहे.

घरच्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ५० टक्के गुण लागतात, शिवाय नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. नेटमध्ये तीन तासांत १५० प्रश्न आणि ३०० गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ग्रंथांचा कालानुक्रम लावा, लेखक आणि सिद्धान्त यांच्या जोड्या जुळवा, अशा प्रश्नांसाठी पाठांतर लागतेच. ते दुसऱ्या वर्षी सुरू केले तरी चालते. पहिल्याच सत्रापासून केवळ वस्तुनिष्ठ प्रश्नसंच सोडवत बसणाऱ्याची दोन वर्षे मूळ ग्रंथ न उघडताच संपतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेट देतानाच तिचाही अर्ज भरावा, कारण दोन्हींचा अभ्यासक्रम सारखाच आहे.

शक्य असल्यास पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे नियमित प्रवेश घ्या. हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ आहे, तसेच इंग्रजी व परदेशी भाषांचे स्वतंत्र विद्यापीठही आहे. घर सोडणे शक्य नसेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे, घरी राहून करता येणारे एम.ए. इंग्रजी हा प्रतिष्ठित मार्ग आहे. तिथले अभ्याससाहित्य चांगले असते, पण वर्गातील चर्चा आणि ग्रंथालय यांची उणीव स्वतःच भरून काढावी लागते. आणि मराठी सोडू नका. अरुण कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला; १९७७ मध्ये त्यांचा मराठी कवितासंग्रह आला. हे दोन्ही कोलटकर मुळातून वाचणारा विद्यार्थी जगातल्या कोणत्याही विद्यापीठात दुर्मीळ ठरतो. उद्या पीएच.डी.साठी विषय शोधताना 'भारतीय इंग्रजी कादंबरीतील स्त्रीवाद' यासारख्या हजारदा चावून झालेल्या विषयापेक्षा हा द्विभाषिक वाचनाचा आधार अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी जळगावला तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. परदेशात पीएच.डी. किंवा सर्जनशील लेखनाची पदवी घ्यावी, असे वाटते. खर्च परवडेल का?
— एक प्राध्यापक

उत्तर : वय आड येत नाही, खर्च येतो, आणि तो देशानुसार फार बदलतो. ब्रिटनमधील एम.ए. एका वर्षाचे असते, पण शुल्क बहुतेक वेळा स्वतःच भरावे लागते. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये सुरू झालेला लेखनाचा एम.ए. अभ्यासक्रम इयन मॅक्युअन आणि काझुओ इशिगुरो या कादंबरीकारांमुळे गाजला, पण नाव मोठे म्हणून कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांचा कामाचा अनुभव असेल, तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या वय, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्याव्यात.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शुल्क साधारणपणे माफ होते आणि पदवीपूर्व वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात मानधन मिळते. त्यामुळे पाच-सहा वर्षे साधेपणाने राहून निभावतात. एम.एफ.ए. ही लेखनाची पदवी दोन ते तीन वर्षांची असते. १९३६ मध्ये सुरू झालेली आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा तिची सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध जागा. एम.एफ.ए.च्या सगळ्याच ठिकाणी पैसे मिळत नाहीत; संपूर्ण साहाय्य देणाऱ्या विद्यापीठांपुरतेच अर्ज करा.

निवड ठरते ती प्रामुख्याने लेखननमुन्यावर. पीएच.डी.साठी साधारण पंधरा-वीस पानांचा समीक्षात्मक निबंध, एम.एफ.ए.साठी कथा किंवा कविता. तासिका तत्त्वावर काम करताना असा निबंध एका सुट्टीत उरकत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणून तो आत्तापासूनच लिहायला घ्या. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये संपते. शिफारसपत्रे देणाऱ्या तिघांना दिवाळीपूर्वीच तुमचा निबंध वाचायला द्या, म्हणजे 'हा विद्यार्थी कष्टाळू व प्रामाणिक आहे' याहून वेगळे काही लिहिण्याची त्यांना सोय होईल.