कार्बन फ्रेम घेण्याआधी

फक्त वजनासाठी माउंटन सायकलला कार्बन फ्रेम घेत असाल तर थोडं थांबा. ॲल्युमिनियमच्या तुलनेत साधारण अर्धा किलोच वाचतो. आधी टायर ट्यूबलेस करून हवेचा दाब उतरवा; खडकाळ वाटेवर पकडीतला फरक लगेच कळेल.

तरीही घ्यायचीच असेल, तर जुने भाग बसतात का ते मोजा. मागचा हब (चाकाचा मधला भाग) १४२ मिलिमीटर रुंदीचा आणि फ्रेम १४८ची असेल, तर बहुधा चाकही बदलावं लागतं. खरा खर्च इथेच फुगतो. सीटपोस्टची, म्हणजे सीटखालच्या दांड्याची, जाडीही तपासा, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटरचे डोळ्यांना सारखेच दिसतात.

वापरलेली फ्रेम असेल तर डाउनट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालून नाण्याने हलकेच टकटक करत जा. टणक आवाज मध्येच एका ठिकाणी बद्द झाला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. ती फ्रेम घेऊ नका.