आधी लॅक्टाइड कोरडं कर

पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे लॅक्टाइडचे रेणू साखळीत जोडून होणारं प्लास्टिक) बनवताना उत्प्रेरक बदलायची घाई करू नकोस. साखळ्या आखूड येतायत म्हणून तुझ्या झिंक उत्प्रेरकाला दोष देण्याआधी तुझं लॅक्टाइड बघ. त्यात राहिलेलं पाणीच नव्या साखळ्या सुरू करतं. मग तेवढाच माल जास्त साखळ्यांत वाटला जातो. कोरड्या टोल्युइनमधून दोनदा स्फटिकीकरण कर, मग निर्वातात संप्लवन, म्हणजे घनाची थेट वाफ करून ती थंड नळीवर पुन्हा घन होऊ देणं. थंड नळीवर पांढरेशुभ्र स्फटिक धरलेले दिसले की मला आजही बरं वाटतं. टिन ऑक्टोएट हे दुसरं उत्प्रेरक १३० अंश सेल्सियसवर बरंच काही खपवून घेतं, तुझं झिंक घेणार नाही. तेव्हा वजन करणंसुद्धा ग्लोव्हबॉक्समध्येच (हवा-ओलावा बाहेर ठेवणाऱ्या बंद पेटीत).

एनएमआरमध्ये (रेणूंची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) ५.०५ पीपीएमजवळ लॅक्टाइडचं शिखर, ५.१५ जवळ पॉलिमरचं. शिखरांच्या क्षेत्रफळांवरून रूपांतर, म्हणजे किती लॅक्टाइडचं पॉलिमर झालं ते काढ. जीपीसी (साखळ्यांचा रेणुभार मोजणारी चाचणी) टीएचएफ या द्रावकात, पॉलिस्टायरीनच्या मापाने केलीस, तर रेणुभाराच्या आकड्याला ०.५८ ने गुण.

आणि हो, ‘जैवविघटनशील’ हा शब्द जपून वापर. पीएलए परसात पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. ५८ अंशांच्या आसपास चालणाऱ्या औद्योगिक कंपोस्टमध्ये मात्र काही महिन्यांत संपतं. तापमान लिहिल्याशिवाय प्रबंधात तो शब्द येऊ देऊ नकोस.